७४ व्या वर्षी कोलायटिसचं ऑपरेशन करावं का?
तुमच्या ७४ वर्षांच्या वडिलांना अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन आतून जखमा होण्याचा आजार) आहे, डॉक्टर मोठं आतडं काढायला सांगतात आणि घरचे म्हणतात, ‘या वयात कशाला कापाकापी?’ आमच्या देवगडच्या घरात हेच सहा महिने चाललं होतं. आई ७१ वर्षांची. दिवसाला दहा-बारा वेळा आव-रक्त, स्टिरॉइडचा डोस उतरवला की पुन्हा तेच. आंबे उतरू देत, मग गणपती होऊ देत, असं करता करता एका रात्री पोट फुगलं आणि तिला रुग्णवाहिकेतून गोव्याला, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यावं लागलं. तिथे तातडीने ऑपरेशन झालं. ती वाचली, पण जखम महिनाभर भरत नव्हती. स्टिरॉइड खूप दिवस घेतलं की जखम उशिरा भरते, त्यात रक्त जाऊन जाऊन अंगात काही उरलेलं नव्हतं.

म्हणून मी वयाला एवढी भीत नाही, तातडीच्या ऑपरेशनला भिते. ठरवून केलं तर आधी रक्त वाढवता येतं, खाणं सुधारता येतं, हृदय-फुप्फुसं तपासून घेता येतात.

लहान आतड्याचीच आत पिशवी करून ती गुदद्वाराला जोडतात, तसंही ऑपरेशन आहे. पण उतारवयात तिथले स्नायू सैल झालेले असतील तर संडास धरवत नाही. आईला पोटावरची बॅगच बरी पडली; लहान आतड्याचं तोंड पोटावर काढतात आणि संडास त्या बॅगेत जमा होते. पूर्वी ती देवळात जायलाही घाबरायची, आता जत्रेला जाते.

बॅगेतून पाणी आणि मीठ बरंच जातं, त्यात आपल्याकडचा घाम. मीठ घातलेली पेज आणि ओआरएस घरात हवंच. वडील लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेत असतील तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. सुरुवातीचे दीड-दोन महिने ओलं खोबरं आणि फणस नको, चोथा अडकतो. आमटीत खोबऱ्याचं वाटण नाही म्हणून आई रुसली होती, तेवढं सोसा.

आणि एक. बॅगेची जागा ऑपरेशनआधी माणसाला बसवून, उभं करून, वाकवून पेनाने आखतात. आईच्या वेळी त्या धावपळीत ते राहिलं आणि बॅग नेमकी परकराच्या नाडीखाली आली. अजून काचते तिला. वडील लुंगी नेसत असतील तर आखणीच्या दिवशी ती नेसूनच न्या.