जर्मनीला निघालेल्या भाऊंसाठी, गाडी आणि थोडं घरचं

भाऊ, तुम्ही विचारलंय की अमळनेरला मारुती चालवायची सवय आहे, बायको-मुलीला घेऊन म्युनिकला चाललोय, तिकडच्या डावीकडच्या स्टिअरिंगचं कसं जमवायचं.

लायसन्सचे नियम सरकारी साइटवर आहेत, ते सगळे मी लिहीत नाही, एवढंच सांगतो. आपलं लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतं, मग लेखी आणि गाडीची दोन्ही परीक्षा. धुळे-जळगाव हायवेला केळीच्या ट्रकांमधून इतकी वर्षं गाडी काढलेला माणूस मी, आणि डोळ्यांचा दाखला आणा, फर्स्ट एडचा कोर्स करा, भाषांतर आणा, एक कागद दिला की दुसरा मागणार आणि तारीख पुढे, आठवलं की आजही डोकं तापतं.

आता गाडीचं. पायाचं टेन्शन घेऊ नका, क्लच-ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर तिथेही त्याच क्रमाने. घोळ हातांचा. आपल्याकडे पहिला गिअर टाकताना हात अंगापासून लांब जातो, तिथे उजव्या हाताने अंगाकडे घेऊन वर, आणि डावा हात सवयीने दारावर आपटतो. रिव्हर्स तर कंपनीगणिक वेगळा, कुठे दांडा खाली दाबून, कुठे त्याची रिंग उचलून. इंडिकेटर तिथे डावीकडे, त्यामुळे वळताना कोरड्या काचेवर वायपर फिरतो, सगळ्यांचाच फिरतो. पण बऱ्याच नव्या मर्सिडीजमध्ये स्टिअरिंगच्या उजवीकडे गिअरचीच दांडी असते, तिथे इंडिकेटर समजून हात घालू नका. गाडी भाड्याने घेतली की निघायच्या आधी उभ्या गाडीतच एकेक बटण हाताने चाचपून घ्या, मागून कोणी हॉर्न देऊ दे. आणि रस्त्यावर एकच खूण धरा, ड्रायव्हर नेहमी रस्त्याच्या मधल्या बाजूला, तिथेही आणि इथेही. नाहीतर गाडी उजवीकडे सरकत जाते आणि पार्क केलेल्या गाड्यांचे आरसे जातात.

महिन्याभरात हात बसतो. मग सुट्टीला भुसावळला आलो की परत उलटं. वडील आता स्टेशनवर स्वतःच गाडी घेऊन येतात, म्हणतात तू थकला असशील, मी चालवतो. त्यांना रात्री समोरच्या लाइटचा त्रास होतो हे मला माहितीये, तरी मी बाजूला बसतो, कारण किल्ली मागितली तर त्यांना काय वाटेल ते मला कळत नाही.

एकटेपणाचं विचारलंत. वाटतं, हिवाळ्यात जास्त. कामाला लागलं की जातं.

मुलीचं मात्र नीट ऐका. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीतच ठरतं पोरगं कोणत्या शाळेत जाणार. गिम्नॅझियमला, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली लागते, तिथे 1 म्हणजे सगळ्यात चांगला. माझी मुलगी गणितात वर्गात पुढे, जर्मनच्या मार्कांनी अडली. बाईंना खूप विनवलं की अजून एक वर्ष द्या, भाषा येईल तिला, त्या नियमावर बोट ठेवून राहिल्या. मला दोन-दोन गाड्या शिकायला हवा तेवढा वेळ मिळाला, तिला कोणी दिला नाही, हे मनातून जात नाही.

तुमची कितवीत आहे ते कळवा. दुसरी-तिसरीत असेल तर तिचा जर्मनचा क्लास आजच लावा, ऑनलाइन का होईना. गाडीचं तिथे गेल्यावर बघू.