आधीची चिठ्ठी, आत्ताची चिठ्ठी

डलासहून एका मुलाचं पत्र आहे. वडील परभणीला. पार्किन्सनसाठी दिवाळीनंतर मेंदूत तारा आणि छातीत बॅटरी बसवली. "हात थरथरायचा थांबला, आपल्या हाताने चहा पितात. पण मृग बरसला तरी पेरणीचं विचारलं नाही. मी रोज व्हिडिओ कॉलवर समजावतो, बाबा, जरा मनावर घ्या. ते हो म्हणतात आणि पलंगावरच बसून राहतात."

अरे, ते समजावणं आधी बंद कर. मनावर घ्यायला जे लागतं तेच त्यांचं आटलंय.

ऑपरेशनचा खर्च आपल्याला डॉलरमध्ये आणि रुपयांत तोंडपाठ असतो. गोळ्या कुणाला माहीत असतात? मी भेटेल त्याला हेच विचारते, डॉक्टरांची ऑपरेशनआधीची औषधांची चिठ्ठी आणि आत्ताची चिठ्ठी शेजारी ठेवून पाहिलीस का? सबथॅलॅमिक न्यूक्लियस या मेंदूतल्या खोल, छोट्या भागात तारा बसल्या की हालचाल सुधारते, म्हणून डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची उणीव भरून काढणाऱ्या गोळ्या बऱ्याच कमी करतात, कधी निम्म्यावर आणतात. पण काही करावंसं वाटायलाही डोपामिनच लागतं. हातापायांचं विजेवर भागतं, हुरूपाचं भागेलच असं नाही. प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही डोपामिनसारखं काम करणारी गोळी बंद केली असेल, तर काही महिन्यांनी माणूस असा बसून राहू शकतो.

माझे थोरले मामा अंबाजोगाईचे. हुरड्याला अख्खी गल्ली शेतावर नेणारा माणूस. याच ऑपरेशननंतरच्या हिवाळ्यात शेताकडे फिरकले नाहीत. मी इकडून फोनवर "आळस झटका" म्हणायचे. आता लाज वाटते. घरात सगळे नैराश्य म्हणत होते, पण मामांना दुःख नव्हतं. त्यांना काही वाटतच नव्हतं. शेवटी मामी जुन्या चिठ्ठ्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे गेल्या. बंद केलेली एक गोळी डॉक्टरांनी थोडी थोडी परत सुरू केली. महिना-दीड महिन्याने मामांनी विचारलं, "कडबा कितीला गेला?" हे सांगताना मामी फोनवर रडत होत्या.

तू मात्र स्वतःच्या मनाने गोळी वाढवू नकोस. त्याच गोळ्यांनी काहींना जुगाराचा, खरेदीचा नाद लागतो. बॅटरीचं सेटिंगही तपासायला सांग, आणि नैराश्य नाही ना, तेही डॉक्टरांनाच ठरवू दे.

बाबांना सहा महिने अमेरिकेला आणावं का, असंही विचारलंयस. आत्ता नको. भावाशी खर्चाची वाटणी? ती तुम्ही दोघं बघा.

जुन्या चिठ्ठ्या लोखंडी कपाटात, बँकेच्या पासबुकांखाली असतील. आज आईला तेवढ्याच शोधायला सांग.