छपाईच शिकायची तर विद्यापीठात कशाला?

ताई, भाचीचं पेंटिंगमधलं बी.एफ.ए. संपत आलंय, तिला पुढे बडोद्याला प्रिंटमेकिंगमध्ये मास्टर्स करायचंय, आणि घरचे म्हणताहेत 'छपाईच शिकायची तर विद्यापीठात कशाला?' असा तुमचा प्रश्न. मी एचिंग (ॲसिडने पत्र्यात रेघा खोदून केलेली छपाई) आणि थोडी लिथो (दगडावर काढलेल्या चित्राची छपाई) शिकलेली आहे, म्हणून जरा लांबण लावते.

ही छपाई लग्नपत्रिकांची नव्हे. ठसा स्वतः घडवायचा, स्वतःच उमटवायचा. आणि विद्यापीठातच का, तर पेंटिंग भाड्याच्या खोलीतही होतं; एचिंगला भरभक्कम प्रेस लागते, ॲसिडला हवेशीर जागा लागते, लिथोला चुनखडीचा दगड लागतो, दोन माणसांनी उचलायचा. हे घरी कोण ठेवणार?

एका प्लेटचं सांगते. जस्ताच्या पत्र्याच्या कडा आधी कानशीने उतरत्या करायच्या, नाहीतर प्रेसमधलं लोकरी फेल्ट कापलं जातं आणि सगळा वर्ग तुमच्यावर डाफरतो. मग खडूच्या पुडीने पत्रा घासून तेलकटपणा घालवायचा. बोट लागलं की तिथे ग्राउंड, म्हणजे ॲसिडपासून पत्रा झाकणारा मेणासारखा लेप, धरत नाही. ग्राउंडवर सुईने रेघा ओढल्या की प्लेट पातळ नायट्रिकमध्ये. रेघांवर बारीक बुडबुडे धरतात, ते पिसाने हलकेच सारत बसायचं. मी एकदा मे महिन्यात 'पाच मिनिटांत येते' म्हणून चहाला गेले. उन्हाळ्यात ॲसिड भराभर खातं. परत येईतो ग्राउंड सुटलेलं आणि तीन आठवड्यांच्या कामाची चाळणी. शिवाय प्रिंट आरशासारखी उलटी येते, हे माहीत असूनही पहिल्या प्लेटवर मी एस.टी.ची 'शेवगाव' पाटी सरळ कोरली होती. कागदावर काय आलं असेल ते समजून घ्या.

आता कॉलेज. बडोद्याची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० सालची. प्रिंटमेकर ज्योती भट्ट न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये इंटाग्लिओ (खोदलेल्या रेघांत शाई भरून छापणं) शिकून आले आणि त्यांनी बडोद्यात शिकवलं, त्यामुळे या विषयाला तिथे मुळं आहेत. शांतिनिकेतनच्या कलाभवनात प्रिंटमेकर सोमनाथ होर शिकवायचे. त्यांची 'वूंड्स' मालिका भाचीला जरूर दाखवा: शाई नाहीच, कागदाच्या लगद्यातच उमटलेल्या पांढऱ्यावर पांढऱ्या जखमा. प्रिंट म्हणजे काय याची माझी व्याख्या त्यांनीच मोडली. मुंबईत जे.जे. आहेच.

पण मोठ्या नावावर जाऊ नका, वर्कशॉप पाहून या. मी पदवी जिथे केली (नाव घेत नाही) तिथे लिथोचे उत्तम दगड होते आणि त्यांवर तुळशीच्या कुंड्या ठेवल्या होत्या. प्रेसच्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे, ते बहुधा रजेवर. म्हणून तिथल्या मुलांनाच विचारा: संध्याकाळी खोली उघडी असते का? एका प्रेसवर किती जण? ॲसिडच्या खोलीतला पंखा चालतो का? फी आणि वसतिगृहाचं वेबसाइटवर कळेल.

डिग्रीनंतरचं खरं सांगायचं तर प्रेस सुटते आणि बरेच जण प्रिंट सोडतात. दिल्लीला ललित कला अकादमीचा गढी स्टुडिओ, भोपाळला १९८२ पासूनचं भारत भवन, अशा थोड्या जागा आहेत जिथे बाहेरच्यालाही काम करता येतं, पण त्यासाठी गाव सोडावं लागतं. म्हणून तिने एचिंग, लिथो मनसोक्त करावी आणि सोबत वूडकट (लाकडात कोरलेला ठसा) पक्कं करून ठेवावं. त्याला प्रेस नसली तरी भागतं. कागदावर चमच्याची पाठ घासून मी आजही स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्रिंट काढते. विक्रीचं म्हणाल तर खाली पेन्सिलीने ३/१५ लिहिलेलं पाहून गिऱ्हाईक हमखास विचारतं, "म्हणजे ओरिजिनल नाही का हे?" पंधरातली तिसरी, आणि पंधराही ओरिजिनलच, हे समजावण्यात निम्मं प्रदर्शन जातं. पोटासाठी माझ्या बरोबरीचे बहुतेक जण शिकवतात, मीही.

आणि हो, भाचीला दमा असेल तर आधीच विचार करा. ॲक्वाटिंटला (एचिंगमध्ये रेघांऐवजी छटा आणायची पद्धत) राळेची बारीक पूड उडवावी लागते, ती छातीत बसते. चांगला मास्क तिने स्वतःचा न्यावा, तिथल्या खिळ्याला लटकलेला वापरू नये.