बेअरिंग बदललं, आवाज तसाच: दुसरं काढण्याआधी पुरावा घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वेग वाढला की गाडी घोंघावते. गॅरेजने आधी पुढचे दोन टायर बदलायला लावले, मग पुढचं डावं व्हील बेअरिंग बदललं, तरी आवाज गेला नाही. आता दुसरा मेकॅनिक म्हणतो, खराब आहे ते उजवं. पहिलं गॅरेज पैसे परत करत नाही. तक्रार करता येईल का?

येईल, पण उजवं बेअरिंग घाईने काढू नका. प्रेसने (दाबयंत्राने) बसवलेलं बेअरिंग काढताना बहुधा सुटं होतं आणि आतली रेस (बेअरिंगची कडी) हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावरच, अडकते. मग ते आधीच झिजलेलं होतं की काढताना खराब झालं, हा वाद सुरू होतो. तपासणी बेअरिंग गाडीवर असतानाच करून घ्या. चाकात प्ले (ढिलेपणा) असेल तर तोवर गाडी चालवू नका, जीवाशी खेळ आहे.

निदान चुकलं म्हणजे सेवेत त्रुटी झालीच असं नाही. आवाज बॉडीतून फिरतो आणि डाव्या-उजव्याचा अंदाज चांगल्या कारागिराचाही चुकतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(11) खाली खरा मुद्दा हा, की भाग बदलण्याआधी रीतसर तपासणी केली होती का. जॉबकार्ड, म्हणजे गॅरेजने केलेल्या कामाची नोंद, मागा. त्यावर रोड टेस्टची किंवा चाक उचलून पाहिल्याची नोंद नसेल, तर तीच तुमची भक्कम बाजू.

दुसऱ्या मेकॅनिककडून सही-तारखेसह लेखी अहवाल घ्या. त्यात हे असावं: गाडी न्यूट्रलमध्ये टाकल्यावरही आवाज राहतो का (राहिला तर इंजिनाचा नाही), रस्त्याचा पृष्ठभाग बदलल्यावर सूर बदलतो का (बदलला तर संशय टायरवर), डावीकडे वळताना, म्हणजे भार उजव्या चाकावर आल्यावर, आवाज वाढतो का. मग गाडी स्टँडवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवावं. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगकडे, राहिला तर बॉल जॉइंटकडे (चाकाला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या सांध्याकडे). प्ले नसला तरी बेअरिंग चांगलं ठरत नाही, म्हणून सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर हात ठेवून चाक फिरवावं. खरखर हाताला लागते. डाव्या बाजूचीही हीच तपासणी करून घ्या. नवं बेअरिंग चुकीच्या रेसवर दाब देऊन बसवलं तर तेही आवाज करतं.

या सगळ्याचा सलग व्हिडिओ काढा आणि मूळ फाइल फोनमध्ये राहू द्या. ग्राहक आयोगापुढे देताना सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडा. तपासणीची तारीख-वेळ पहिल्या गॅरेजला ईमेल आणि स्पीड पोस्टने आधी कळवा. ते आले नाहीत तर ‘आम्हाला विचारलंच नाही’ हा बचाव दुबळा पडतो.

मागणी मोजकी ठेवा. डाव्या बेअरिंगची किंमत, मजुरी आणि त्रासाची भरपाई मागा. उजव्याचा खर्च मागू नका, तो तुम्हाला करावाच लागणार होता. टायरचा दावा जुने टायर एकसारखे झिजलेले असतील तरच टिकेल. खाचखळगे पडलेले असतील तर सोडून द्या.

गाडी खासगी वापराची असेल तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. गॅरेजला दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. उजवं बेअरिंग काढल्यावर रेसवरच्या खड्ड्यांचे जवळून फोटो घ्या आणि सर्व तुकडे पिशवीत सीलबंद करून निकालापर्यंत स्वतःकडेच ठेवा.