कॉम्प्युटर सायन्सच्या शिक्षकाला विषयाबाहेरचं काय यायला हवं?

सगळ्यात आधी, नवशिक्याचं डोकं कसं चालतं ते. गणितात 'क्ष = क्ष + १' अशक्य; प्रोग्रॅममध्ये मात्र ती ओळ रोजची, कारण तिथे तिचा अर्थ 'क्षची किंमत एकने वाढव'. मूल तिथे अडलं तर ते ढ नाही, उलट बीजगणित नीट शिकलंय! ही गाठ ओळखता यायला हवी. आणि धीर हवा, कीबोर्ड स्वतःकडे न ओढता चूक त्यालाच शोधू देण्याचा. मला हे सर्वांत कठीण वाटतं.

थोडा इतिहासही हवाच. १९८५ ते १९८७ दरम्यान थेरॅक-२५ या रेडिएशन यंत्रातल्या सॉफ्टवेअरच्या चुकांमुळे रुग्णांना किरणांचा प्रचंड जादा डोस गेला, काही दगावले. टेस्टिंग शिकवताना मी सुरुवात इथूनच करतो.