आजी-आजोबांचा हात हातात घेताना

वृद्धाश्रमात पहिल्यांदाच सेवेला जाते आहेस म्हणून सांगते. आधी समोर ये, नजरानजर होऊ दे, "आजी, हात धरू का?" असं विचार. मागून खांद्यावर हात ठेवलास तर कमी ऐकू येणारी माणसं दचकतात. अंगठी, खड्यांच्या बांगड्या घरीच ठेव. म्हातारी कातडी पातळ असते, जरा घासलं तरी सोलवटते.

तुझे हात गार असतील तर आधी चोळून घे. मग त्यांच्या कोपरापासून मनगटाकडे हात सावकाश फिरव. केसाळ त्वचेत अशा मंद, कोमट स्पर्शाला जास्त दाद देणारे चेतातंतू असतात. साधारण सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर हा त्यांना भावणारा स्पर्शाचा वेग. भरभर फिरवलंस तर ओटा पुसल्यासारखं वाटतं. आणि घाई लपत नाही हं! २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पडद्याआडच्या अनोळखी माणसाने नुसता हाताला केलेला स्पर्श पुरला. राग, भीती, कृतज्ञता, सहानुभूती लोकांनी नुसत्या अंदाजाने जमेल त्यापेक्षा बरीच जास्त वेळा ओळखली.

डोक्यावर थोपटणं मला पसंत नाही, मोठ्या माणसाला तान्हं करून टाकतो आपण. त्यांची बोटं आखडली की हात काढून घे आणि नुसती शेजारी बस. आजोबांच्या बाबतीत नमस्कारानेच सुरुवात कर. बहुतेकदा तेच हात पुढे करतात.