डोंगरातले जुने पाट सिमेंटने पक्के करावेत का?

हिमनद्या आटत चालल्यात, मग डोंगरगावातल्या मातीच्या पाटांना सिमेंटचं अस्तर घालून गळती थांबवली तर पाणी पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते सरसकट अस्तर नको. गळलेलं पाणी जातं कुठे, ते आधी शोधा.

स्पेनच्या सिएरा नेवादात काही पाट मुद्दाम गळके ठेवलेत. वितळलेल्या बर्फाचं पाणी वर मुरवायचं, म्हणजे उन्हाळ्यात खालचे झरे वाहतात. पेरूच्या अँडीजमधले 'अमुना' नावाचे चरही याच कामाचे. वामानतांगा गावात संशोधकांनी पाण्यात रंग सोडून पाहिलं, तर मुरलेलं पाणी सरासरी ४५ दिवसांनी खाली निघालं. अशा जागी अस्तर घातलं की वरच्याची चंगळ आणि खालच्याचा झरा बंद. पाट दरडीच्या कड्यावरून जात असेल आणि पाणी थेट दरीत पडत असेल, तर मात्र खुशाल पाईप टाका.

दुसरं म्हणजे पुष्कळदा पाणी कमी असण्यापेक्षा अवेळी येतं, हे खरं दुखणं. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिमी पाऊस. पेरणीला एप्रिल-मेमध्ये पाणी हवं आणि उंचावरची हिमनदी वितळते जूनच्या आसपास. म्हणून चेवांग नोर्फेल या अभियंत्यांनी १९८७ पासून हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी गावाजवळ, सावलीच्या जागी अडवून गोठवायला सुरुवात केली. खालचा बर्फ आधी वितळतो, एवढंच त्यातलं गुपित! सोनम वांगचुक यांचे बर्फाचे स्तूप, म्हणजे पाईपने आणलेलं पाणी थंडीत हवेत उडवून गोठवलेले बर्फाचे उंच ढीग, २०१३-१४ पासूनचे. शंकूच्या आकारामुळे ऊन कमी लागतं, बर्फ जास्त टिकतो. पण पाईप गोठले की सगळं ठप्प, आणि हिवाळ्यात ओढा वाहता नसेल तर स्तूप उभाच राहत नाही.

लोक पाळ्यांचा विचार सहसा करत नाहीत. लडाखमध्ये चुरपोन, म्हणजे तिथला पाटकरी, पाणी वाटतो. घड्याळी पाळी प्रवाह भरपूर असेपर्यंत न्याय्य. धार बारीक झाली की शेवटच्या शेताची पाळी पाटाची माती भिजवण्यातच संपते. तेव्हा रात्रीचं पाणी तळ्यात (तिकडे त्याला झिंग म्हणतात) साठवून सकाळी एकदम मोठ्या धारेने सोडावं, दोन-तीन पाळ्या एकत्र कराव्यात, आणि अगदीच टंचाई असेल तर कोणाचं किती रान पडीक ठेवायचं हे पेरणीआधीच बसून ठरवावं. यातल्या भांडणांची तयारी ठेवा, ती होतातच.